कडुलिंबावरची चोर-हाक

घाटंजी, ३ जुलै १९५७

कापसाच्या जीनच्या मुनीमजींनी दिलेली ही डायरी सहा महिने कोरीच पडली होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते लिहून ठेवलं नाही तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

मी युनूस, शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. मशीन खोलण्याआधी मी ती चालवून ऐकतो. शटल घासते आहे, दात झिजलेत की नुसतं तेल कमी पडलंय, हे माझ्या कानाला कळतं. आज दुपारी हातातली मशीन थांबवली आणि कान तसाच उघडा राहिला. दुकानासमोरच्या कडुलिंबावर एक कावळा तीनदा ओरडला, आखूड आखूड, मध्ये दम घेऊन. लगेच चार कावळे खाली उतरले. समोर धावजीने त्याच्या चहाच्या हॉटेलातली शिळी भजी फेकली होती. अर्ध्या तासाने पुन्हा तसेच तीन आवाज आले. मी रस्त्याकडे पाठ करून बसलो होतो. तसाच ओरडलो, "धावजी, आता काय फेकलं?"

"अबे, तुले कसं समजलं? तू त तिकडं तोंड करून बसला!"

मला कसं समजलं! कावळ्याने सांगितलं! सतरा वर्षं या झाडाखाली बसतो आहे आणि आजवर मी नुसती कावकाव ऐकत होतो. आज जेवणावर लक्षच लागलं नाही.

५ जुलै

दोन दिवसांत पाच हाका वेगळ्या काढल्या. रोटीची हाक. कुत्र्याची हाक, ती सुस्त असते, कारण कुत्र्याला ते भीत नाहीत. घारीची हाक, ती वरच्या पट्टीत आणि घाईची. जोडीदाराला मारलेली घशातल्या घशातली हाक, हिला मी "घरची" म्हणतो. पाचवीचा अर्थ अजून लागला नाही.

हुस्नाबीला, म्हणजे माझ्या बायकोला, रात्रीच्या जेवणावर सगळ्या हाका काढून दाखवल्या. ती म्हणाली, "अजी, लग्नाले बारा वर्सं झाले. इतका कान देऊन माह्यं कधी ऐकलं का?" मी म्हणालो, तू स्पष्ट बोलतेस, तुझा अर्थ लावावा लागत नाही. यावर ती बराच वेळ हसली. का, ते कळलं नाही.

१२ जुलै

ईदमुळे तीन दिवस दुकान बंद. कावळ्यांचीही ईद झाली. रोटीच्या हाकेत एक जास्तीचा आवाज निघाला. माझ्या मते तो बोटीचा, म्हणजे मटणाच्या तुकड्याचा. हाका आता नऊ झाल्या.

१६ जुलै

आज मोठी गोष्ट हाती लागली.

सकाळी झाडावर एकदम दंगा उसळला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता: खरखरीत, लांब, एकाचा संपण्याआधी दुसऱ्याचा सुरू, आणि बघता बघता साऱ्या गावातून कावळे येऊन झाड काळं झालं. खाली पाहिलं तर धान्याच्या दुकानातलं बोक्याचं धूड तोंडात कावळ्याचं पिल्लू धरून चाललेलं. पिल्लू मेलेलं, दोन्ही बाजूंनी लोंबत होतं. बोका पत्र्यावर जाईपर्यंत कावळे त्याच्या पाठीवर झडप घालत राहिले.

चोरी झाली आणि त्यांनी चोर दाखवला! मुक्या जिवांनी नाव घेऊन दाखवावा तसा दाखवला. वहीत लाल शाईने लिहिलं: दहावी, चोर-हाक.

१८ जुलै

आज बाजार. दर बाजाराला आमच्या कडुलिंबाखाली तांड्यावरची रुपीबाई बैलांचे गोंडे घेऊन बसते. हाताने कातलेली लोकर, तिचे झुबके, वर कवड्या. अकरा वर्षांपासून तिची तीच जागा. मला ती भिया म्हणते, म्हणजे भाऊ. गोंडे ज्या पट्ट्यावर ओवतात तो पट्टा हुस्नाबी मशीनवर शिवून देते, त्यामुळे दोघींचा कारभार एकत्र चालतो आणि बोलण्याला तर अंतच नसतो.

आज तिने लाल-पिवळा माल आणला होता. म्हणाली, "पुढच्या बाजाराले येत नाई, त्याच्या पुढच्यापासून काळे आनतो. पोळ्याले नजर लागू नये म्हनून सारे काळेच मांगतात. वर्सभर हात चालवले भिया, आता चार बाजारात खपलं त खपलं. पोळा झाला का कोन इचारते?"

कावळे दिवसभर शांत. नोंद करण्यासारखं काही नाही.

२५ जुलै

विजय! दुसरा शब्द नाही.

कापडदुकानातले दिवाणजी आज हॉटेलासमोरून चालले होते. या माणसाची गजाची पट्टी गावात कुप्रसिद्ध आहे, घरी जाऊन मोजलं तर कापड हमखास चार बोटं कमी भरतं. कडुलिंबाखाली ते आले आणि वर तीच खरखरीत, लांब, एकमेकीत गुंतलेली हाक! मी दुकानातून उडी मारून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "ही चोर-हाक आहे!" दिवाणजी मोडकी छत्री काखेत दाबून पळाले. छत्रीच्या काड्या निखळून कापड खाली लोंबत होतं, टोपी पडली ती उचलायलाही थांबले नाहीत. हॉटेल हसून हसून आडवं झालं.

धावजी म्हणाला, "मिस्त्री, तू पोलीसपाटील पाह्यजे होता लेका!" त्याने माझ्यासाठी खास दुधाचा चहा केला आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पाचव्यांदा सांगताना त्यात कावळ्यांनी दिवाणजींची गजपट्टीसुद्धा हिसकावली होती.

घरी हुस्नाबीने विचारलं, "छत्री कशी धरली होती त्यानं?" मी आवाजाबद्दल सांगतो आहे आणि हिचं लक्ष छत्रीवर!

२७ जुलै

शेजारच्या बशीरभाईच्या गोठ्यावर कावळे खाली माना घालून ओरडत होते. ही बारावी, जमिनीची हाक. मी म्हटलं, कोणी आत जाऊ नका. काठीने कडबा सरकवला तर आत नाग! बशीरभाईच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आज बाभुळगावहून एक माणूस केवळ मला पाहायला आला होता.

डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो: फार बरं वाटतं.

३० जुलै

धावजीची घुंगरमाळ गेली. त्याच्या बापाच्या वेळची, पितळेच्या अकरा घंट्यांची. पोळ्यासाठी चिंचेने घासून त्याने ती हॉटेलच्या खुंटीला टांगली होती. तिचा आवाज मला पाठ आहे, कारण सहावी घंटी तडकलेली आहे आणि माळ हलली की मध्येच एक आवाज फुटका येतो. सकाळी खुंटी रिकामी. धावजीने शेतावर थोरल्या भावालाही कळवलं नाही, म्हणाला आधी शोधू, मग तोंड दाखवू. बिचारा दिवसभर खुंटीकडेच पाहत होता.

मला म्हणाला, "मिस्त्री, आता तुह्याच हातात हाय. कान उघडे ठेव."

ठेवले आहेत.

१ ऑगस्ट

बाजार. सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहाच्या सुमारास रुपीबाई आली. खांद्यावर बांबू, बांबूला दोन्ही अंगांनी काळे गोंडे टांगलेले, चालताना हलत होते. ती झाडाखाली पाय ठेवते न ठेवते तोच वर चोर-हाक उठली. तशी मी आजवर ऐकली नव्हती. दिवाणजींच्या वेळची तिच्यापुढे काहीच नव्हती. शंभरावर कावळे! दोन-तीन तर तिच्या डोक्यापर्यंत आले, तिने पदराने तोंड झाकलं.

बाजार थांबला. सगळे आधी तिच्याकडे पाहत होते, मग माझ्याकडे पाहू लागले.

धावजी हॉटेलातून आला. "मिस्त्री, हेच का थे? चोराची?"

"हो," मी म्हणालो. "हीच."

रुपीबाई म्हणाली, "म्या काय केलं, भिया?"

मी वर कावळ्यांकडे पाहिलं. मग कोणीतरी म्हणालं की तांड्यावर जाऊन पाहा, कोणीतरी तिची पाटी उलटी केली, त्यात चार भाकरी आणि कवड्या निघाल्या. धावजीने मारलं वगैरे नाही, त्याने फक्त सांगितलं की माळ आणून दे आणि मग बस. ती बांबू उचलून गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत कावळे तिच्या मागे होते.

हाक तीच होती. विचारलं तर हो म्हणण्यावाचून काय करणार होतो? बारा हाकांपैकी हीच मला सगळ्यांत पक्की येते. तरी ती "भिया" म्हणाली ते कानात आहे.

३ ऑगस्ट

हुस्नाबी कामापुरतं बोलते. काल विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तुमी ऐकता लय. पन पाह्यत नाई." पट्ट्यांचा अर्धा शिवलेला ढीग मशीनवर तसाच आहे.

यवतमाळच्या एका मास्तरांचं पत्र आलं. माझ्या हाकांची यादी मागितली आहे. पत्र तीनदा वाचलं. हुस्नाबीलाही वाचून दाखवलं, ती भाजी चिरत राहिली.

८ ऑगस्ट

मोहरमची गडबड संपली, आज बाजार भरला. मनात जे थोडं खटकत होतं ते आज मिटलं.

रुपीबाई आज रिकाम्या हातांनी आली. माल नाही, पाटी नाही. धावजीला म्हणाली, "बापू, माह्या घरची झडती घे, साऱ्या तांड्याची घे. पन मले बसू दे. पोळा पंधरा दिवसावर आला. एकदा चोराचा शिक्का बसला त आमच्या कोनाच बाईले बाजारात बसू देनार नाई." ती हे बोलत होती आणि वर पुन्हा तीच हाक! हातात काहीही नसताना! म्हणजे ते माणूसच ओळखतात. आठ दिवसांनी, शेकडो बायकांमधून तिलाच ओळखली. शास्त्रात ही फार मोठी गोष्ट ठरेल.

धावजीने फक्त वर बोट केलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

हुस्नाबी दुकानाच्या दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ती रुपीबाईच्या मागे वळणापर्यंत चालत गेली. कावळे रुपीबाईवर ओरडत होते, हुस्नाबीवर नाही. ही नोंदही उपयोगाची आहे.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. हेडमास्तरांनी भाषणात "आपल्या गावचे पक्षीतज्ज्ञ युनूसमियाँ" असा उल्लेख केला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला चार शब्द बोलायला लावले. मी घारीची हाक काढून दाखवली. शाळेच्या छपरावरचे दोन कावळे खरंच उडाले! टाळ्या थांबेनात.

दुपारी बाजारात कडुलिंबाखालची जागा रिकामी होती. मग एक बांगडीवाला तिथे बसला. हा पोळ्याआधीचा शेवटून दुसरा बाजार. हे मी का लिहिलं माहीत नाही.

१७ ऑगस्ट

चोर जवळच आहे! आज स्वतः अनुभवलं!

झालं असं की सकाळी हुस्नाबी आपणहून दुकानात आली. माझ्याशी नीट बोलली, मला इतका आनंद झाला. म्हणाली तेल पुसायचं तुमचं फडकं पार फाटलं, हे घ्या नवीन. पट्ट्यांतलं उरलेलं काळं कापड होतं, चांगलं हातभर. म्हणाली, "आधी बाहीर जाऊन झटका. दोरे लागले हायेत." मी बाहेर जाऊन झाडाखाली झटकलं आणि डोक्यावर चोर-हाक! ऐन माझ्या डोक्यावर! मी फडकं हातात धरूनच रस्ताभर धावलो, हॉटेलात पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, शेजारच्या बोळात पाहिलं. चोर कुठेच नाही, आणि जाईन तिथे कावळे माझ्यामागे. धावजीही काठी घेऊन धावला. अर्धा तास शोधलं.

परत आलो तर हुस्नाबी पायरीवर बसली होती. म्हणाली, "सापडला का चोर?"

मी म्हटलं नाही, पण इथेच कुठेतरी आहे.

"हाव," ती म्हणाली. "इथंच हाय."

कावळ्यांचं नेमकं कोणाकडे बोट आहे ते उद्या शोधून काढीन.

१८ ऑगस्ट

आज सकाळी दुकानाचं कुलूप काढलं आणि चोर-हाक झाली. माझ्या हातात कुलूप होतं, आणि रस्त्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

पायरीवर बसून राहिलो. दुकानही उघडलं नाही. मग घरी गेलो आणि हुस्नाबीला म्हणालो, सांग.

तिने चूल विझवली आणि समोर बसली. "बोक्याच्या तोंडात काय होतं? काळं, लोंबतं. दिवाणजीच्या काखेत? काळं, लोंबतं. रुपीबाईचे गोंडे? आमची नानी सांगे, मानसाले माती द्याले पयले कव्व्यानंच शिकवलं. त्याईच्यात कोनी मेलं का सारे जमतात. ते काळं लोंबतं पाहून त्याईले वाटते, आपलंच कोनी मारून नेऊन राह्यले. अन् ज्याच्या हातात एकदा पाह्यलं त्याले इसरत नाई."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"छत्रीपासून शक होता. अन् रुपीबाई लाल गोंडे घेऊन आली तवा काहून नाई बोंबलले? तुमी वहीत लिहिलं असन ना, पाहा."

मी डायरी उघडली. १८ जुलै. "कावळे दिवसभर शांत. नोंद करण्यासारखं काही नाही."

बोका पिल्लू नेत होता तेव्हा मी चोरी पाहिली. त्यांनी मयत पाहिली होती. ते रडत होते माझ्या डोक्यावर, आणि मी लाल शाई घेतली. मला आज स्वतःची फार शरम वाटली. हुस्नाबीला विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगतलं असतं त तुमी आयकलं असतं का? म्या कव्वा असतो त आयकलं असतं."

२० ऑगस्ट

सायकलवर तांड्यावर गेलो. रुपीबाईच्या झोपडीत काळ्या गोंड्यांचा ढीग आढ्याला टेकला होता. बसायला जागा करायला तिला तो सरकवावा लागला. तिने आधी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पिल्लाचं, छत्रीचं, फडक्याचं. मी माफी मागितली. ती लोकर पिंजत होती, हात थांबले नाहीत.

"भिया, तू मले चोर नाई म्हनलं," ती म्हणाली. "तू नुसतं हो म्हनलं."

मी हातातला लोटा खाली ठेवला.

मी म्हणालो, परवा शेवटचा बाजार आहे, चल, मी सगळ्यांना समजावून सांगतो. ती म्हणाली, "म्या येत नाई. सांगून कोन आयकते? तुले वाटते ना, त हा माल घेऊन जा. तूच खांद्यावर घे, अन् तूच झाडाखाली उभा राह्य."

तिला काय म्हणायचं होतं ते मला तिथेच कळलं. कावळे मला कायमचे ओळखून ठेवतील. फडक्याने सुरुवात झालीच आहे, पण ते हातभर कापड होतं. काही दिवसांनी विसरतीलही. गोंडे घेऊन उभा राहिलो तर झाडच्या झाड, गावच्या गाव मला धरून ठेवेल. मग रोटीची हाक, घरची हाक, काहीच ऐकायला मिळणार नाही. मी दिसलो की एकच आवाज होणार. यवतमाळच्या मास्तरांना सतरा हाकांची यादी पाठवायची होती. चौदा झाल्या आहेत.

बांबू सायकलला आडवा बांधला आणि माल घेऊन आलो. वाटेत दोनदा उतरलो. परत फिरावं असं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

२२ ऑगस्ट

शेवटचा बाजार! हात दुखतो आहे, डोक्याला पट्टी आहे, तरी आजचं आजच लिहिणार.

बाजार गच्च भरल्यावर मी दुकानातून बांबू खांद्यावर घेऊन निघालो. हुस्नाबीने टोपी नीट केली आणि म्हणाली, "हळू चाला. साऱ्याईले दिसू द्या." झाडाखाली पोचायच्या आत आभाळ फुटल्यासारखी हाक उठली. टोपी पहिल्याच झडपेत गेली. कानाजवळ चोच लागली. मी थांबलो नाही, झाडाला तीन फेरे घातले. माणसं पळत आली, बांगडीवाल्याने दुकान गुंडाळलं.

मी ओरडून म्हणालो, "ही चोराची हाक नाही! काळं लोंबतं पाहून ते आपला मेला समजतात! मला समजलं नव्हतं आणि मी समजल्यासारखं बोललो. रुपीबाईने काही चोरलं नाही!"

धावजी काखेत हात घालून उभा होता. "मंग रिकाम्या हातानं आलती तवा काहून बोंबलले?"

याचीच वाट पाहत होतो! मी बांबू दुकानात ठेवला, दार ओढून घेतलं आणि रिकामे हात वर करून झाडाखाली आलो. तीच हाक. तेवढीच मोठी. मी हॉटेलपर्यंत चालत गेलो, कावळे माझ्यावर. परत आलो, कावळे माझ्यावर.

"धावजी," मी म्हणालो, "आता मले बी चोर म्हन. माह्या घराची झडती घे."

आधी कोणी हसलं नाही. मग बशीरभाईची आई हसली, आणि तिच्यामागे सगळा बाजार. धावजी हसला नाही. पण त्याने रस्त्यातली माझी टोपी उचलली, झटकली आणि हातात दिली.

तेवढ्यात गर्दीमागून आवाज आला, "माल आत काहून कोंडला, भिया? गिऱ्हाईक त बाहीर हाय!" रुपीबाई! येत नाही म्हणाली होती आणि वळणावरच्या बाभळीआड सकाळपासून उभी होती. ती आपल्या जागेवर येऊन बसली, मी बांबू बाहेर आणून दिला. वर आता दोघांसाठी ओरडा चालू होता. मी म्हटलं माल पांढऱ्या कपड्याखाली झाकतो. "राहू दे," ती म्हणाली. "बोंबलू दे त्याईले. दवंडी फुकट होऊन राह्यली."

खरंच, कावळ्यांचा तमाशा पाहायला आलेला प्रत्येक माणूस गोंडे घेऊन गेला. चार वाजता बांबू रिकामा!

२५ ऑगस्ट

पोळा. बैलांची रांग लागली तेव्हा मी हुस्नाबीबरोबर कडेला उभा होतो. काळे गोंडे जिकडेतिकडे. रुपीबाईच्या गाठी मी आता लांबून ओळखतो.

आणि मग तो आवाज आला. अकरा घंट्या, आणि मध्ये एक फुटकी! मी हुस्नाबीचा हात धरला आणि रांगेच्या बाजूने पळत सुटलो. माळ धावजीच्याच बैलाच्या गळ्यात होती. धावजीचा थोरला भाऊ कासरा धरून उभा, म्हणाला, "म्या नेली होती ना दोरा बदलवाले. खुंटीवर होती, नेली. काहून, काय झालं?"

धावजी बैलाच्या पलीकडे होता. त्याने मला पाहिलं. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. आम्ही दोघेही अगदी सारखे आहोत असं मला त्या वेळी वाटलं.

२९ ऑगस्ट

मास्तरांना यादी पाठवली. चौदाच हाका. दहावीवरची लाल शाई खोडली आणि हुस्नाबीला विचारून "मयतीची हाक" असं लिहिलं. खाली तिचं नाव घातलं. ती म्हणाली कायले, पण पाकीट बंद करण्याआधी दोनदा पाहून घेतलं.

कावळे मला विसरलेले नाहीत. दुकान उघडताना, बंद करताना, पाणी आणताना माझ्या डोक्यावर तीच एक हाक असते. टोपी बदलली, लुंगी बदलली, काही उपयोग नाही. हॉटेलातली मंडळी आवाज आला की म्हणतात, "मिस्त्री आले." बाकी हाका आता हुस्नाबी दारात बसून ऐकते आणि मी आत पत्र्याआड लपून तिला विचारतो. यादी टपालात टाकून आलो तर तिने पंधरावी काढली! मी ऐकलेली नाही. ती काढून दाखवते तेवढीच.

आज बाजार होता. रुपीबाई वळणावर दिसली तशी वर सुरुवात झाली. धावजी कपबशी घेऊन तिच्या जागेपाशी गेला, आधी तिथली माती पायाने सारखी केली, मग कपबशी ठेवली. "दूध जास्त घातलं," एवढंच म्हणाला. तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि कप उचलला.

मला राहवलं नाही, मीही दुकानातून बाहेर आलो. कावळ्यांचे दोन भाग झाले, अर्धे तिच्याकडे, अर्धे माझ्याकडे. मी झाडाखाली तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने चहा बशीत ओतला, वर पाहिलं, मोजल्यासारखं केलं आणि हसली.

"भिया," ती म्हणाली, "आज तुह्यावरच जास्त हायेत."